मेनफ्रेमचा कन्सोल मशीनशी नेमका बोलतो कसा? १०५२ पासून ३२७० पर्यंत

नवशिका_३७०
हर्क्युलिस एम्युलेटरवर (जुन्या आयबीएम मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) सिस्टीम/३७० उभं केलंय, ऑपरेटिंग सिस्टीम न चढवता. मेमरीत स्वतःचा छोटा प्रोग्राम भरून कन्सोलवर एक शब्द छापायचा आहे, बस्स. पत्ता ००९ वर ३२१५ (आयबीएमचा छापणारा कन्सोल) ठेवलाय. स्टार्ट आयओ (उपकरणाचं काम सुरू करायची सूचना) दिला की कंडिशन कोड (सूचनेचा निकाल) ० येतो, पण कुठेच काही उमटत नाही.

प्रश्न दोन. एक, अक्षर सीपीयूतून कन्सोलपर्यंत जातं कोणत्या वाटेने? सीरियल पोर्ट शोधतोय, पण माहितीपुस्तकात बॉड रेटच (सीरियल तारेवरचा वेग) दिलेला नाही. दोन, ऑपरेटरने दाबलेली कळ प्रोग्रामला कळते कशी?

सीसीडब्ल्यूवाले
बॉड रेट सापडणार नाही, कारण तो नाहीच. आयबीएमच्या सिस्टीम/३६० (१९६४) आणि ३७० वर कन्सोल ही सीरियल वायर नसते. कार्ड रीडर, टेप, प्रिंटर जशी चॅनेलवरची (उपकरणांची देवाणघेवाण सांभाळणारा वेगळा भाग) उपकरणं, तसाच तोही. सीपीयू अक्षर पाठवतच नाही. तो चॅनेलला सांगतो, 'या पत्त्यावर कामाची चिठ्ठी ठेवलीय, उचल.' ती चिठ्ठी म्हणजे चॅनेल कमांड वर्ड, सीसीडब्ल्यू. आठ बाइट: पहिला बाइट कमांड, पुढचे तीन डेटाचा पत्ता, मग फ्लॅग, मग एक शून्य, शेवटचे दोन लांबी.

१०५२-७, ३२१० आणि ३२१५ या तिन्ही छापणाऱ्या कन्सोलच्या कमांड सारख्याच:
०१ – लिही, कॅरेज परत आणू नकोस
०९ – लिही आणि कॅरेज परत आण
०ए – वाच (रीड इन्क्वायरी)
०४ – सेन्स (चुकीचं कारण विचार)
०३ – नो-ऑप (काहीच करू नकोस)
०बी – घंटा

पूर्ण प्रोग्राम देतो. सगळे आकडे षोडशमान. ए ते एफ इथे उच्चारानुसार लिहिलेत, भरताना रोमन अक्षरं वापरा.

००० : ०० ०० ०० ०० ०० ०० ०२ ०० (रीस्टार्ट पीएसडब्ल्यू, म्हणजे प्रोग्राम स्टेटस वर्ड: कुठून चालू करायचं ते)
०४८ : ०० ०० ०३ ०० (सीएडब्ल्यू, म्हणजे सीसीडब्ल्यू कुठे आहे ते)
२०० : ९सी ०० ०० ०९ (स्टार्ट आयओ, उपकरण ००९)
२०४ : ४७ ७० ०२ १सी (कोड ० नसेल तर चुकीकडे)
२०८ : ९डी ०० ०० ०९ (टेस्ट आयओ)
२०सी : ४७ २० ०२ ०८ (अजून व्यस्त? पुन्हा विचार)
२१० : ९१ ०२ ०० ४४ (युनिट चेकचा बिट तपास)
२१४ : ४७ १० ०२ १सी (असेल तर चुकीकडे)
२१८ : ८२ ०० ०२ २० (यशाचा वेट, म्हणजे मशीन थांबवणं)
२१सी : ८२ ०० ०२ २८ (अपयशाचा वेट)
२२० : ०० ०२ ०० ०० ०० ०० ०ए एए
२२८ : ०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ईई
३०० : ०९ ०० ०३ १० २० ०० ०० ०८ (सीसीडब्ल्यू)
३१० : डी५ सी१ डी४ सी१ ई२ डी२ सी१ डी९

शेवटची ओळ ईबीसीडिकमध्ये (आयबीएमचा अक्षरांचा कोड) 'नमस्कार' आहे, रोमन स्पेलिंगची आठ अक्षरं. ॲस्कीचे बाइट भरले तर भलतंच काही छापलं जाईल.

हर्क्युलिसमध्ये आर्किटेक्चर एस/३७० वर ठेवा, मेमरी बदलायच्या आर कमांडने हे बाइट भरा आणि रीस्टार्ट द्या. मशीन ०एएए वर थांबलं तर काम झालं, ०ईईई वर थांबलं तर ०४४ चा बाइट काय आहे ते इथे टाका.

नवशिका_३७०
भरलं. ०ईईई वर थांबलं. ०४४ मध्ये ०२ चा बिट चढलेला दिसतोय. मग स्टार्ट आयओ शून्य का देतो?

बसटॅग
कारण शून्याचा अर्थ 'चॅनेलने काम घेतलं' एवढाच. ते पार पडलं की नाही, हे नंतर सीएसडब्ल्यूत (चॅनेल स्टेटस वर्ड) कळतं. सीएसडब्ल्यू मेमरीत ४० पासून आठ बाइट असतो. त्यातला ४४ हा युनिट स्टेटस, ४५ चॅनेल स्टेटस आणि ४६-४७ उरलेली लांबी.

युनिट स्टेटसचे बिट पाठ करून टाका, पुढे जन्मभर लागतात: ८० अटेन्शन, ४० स्टेटस मॉडिफायर, २० कंट्रोल युनिट एंड, १० बिझी, ०८ चॅनेल एंड, ०४ डिव्हाइस एंड, ०२ युनिट चेक, ०१ युनिट एक्सेप्शन. सुरळीत झालेल्या कामाचा शेवट ०सी ने होतो (०८ आणि ०४ एकत्र).

०२ आला की लगेच सेन्स कमांड (०४) द्यायची, दुसरं काही पाठवायच्या आत. दुसरी कमांड गेली की सेन्सचा बाइट पुसला जातो आणि मग कारण शोधत बसा. पहिल्या सेन्स बाइटचे अर्थ: ८० कमांड नामंजूर, ४० इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड, २० बसवर पॅरिटी चुकली, १० यंत्रात बिघाड.

तुमच्याकडे ४० निघेल. खऱ्या मशीनवर त्याचा अर्थ कागद संपलाय किंवा कन्सोल नॉट-रेडी आहे. हर्क्युलिसवर त्याचा अर्थ त्या ३२१५ ला टेलनेटने कुणी जोडलेलंच नाही. उपाय दोन. एकतर टेलनेटने हर्क्युलिसच्या कन्सोल पोर्टला जोडा (पोर्ट क्रमांक सहसा ३२७०). नाहीतर कॉन्फिगरेशनमध्ये उपकरणाचा प्रकार ३२१५ ऐवजी ३२१५-सी लिहा. मग कन्सोल हर्क्युलिसच्याच पडद्यावर येतो, आणि त्याला द्यायच्या ओळीआधी तिरकी रेघ टाकायची.

नवशिका_३७०
३२१५-सी केलं, शब्द उमटला, ०एएए वर थांबलं. आभार! आता खऱ्या मशीनवर त्या आठ अक्षरांचं काय होत असे तेही सांगा.

गोलमुद्रा
१०५२ च्या आत सिलेक्ट्रिक टाइपरायटरची यंत्रणा आहे, छपाईचा गोळा असलेली. गोळ्यावर चार ओळी, प्रत्येकीत २२, एकूण ८८ चिन्हं. अक्षर निवडायचं म्हणजे गोळा किती कलवायचा आणि किती फिरवायचा हे ठरवायचं. कॅपिटलवर जाताना गोळा अर्धा वळसा घेतो आणि त्यासाठी शिफ्टचं वेगळं आवर्तन लागतं. मशीनच्या मेमरीत ईबीसीडिक आणि गोळ्याला हवा कल-फिरकीचा कोड, यांच्यातला अनुवाद कन्सोलचा अडॅप्टर करतो. प्रोग्रामला याचा पत्ता नसतो.

वेग सेकंदाला सुमारे १५ अक्षरं. म्हणजे एका अक्षराला ६७ मिलिसेकंद, कॅरेज परत यायचा वेळ वेगळा. सीसीडब्ल्यूवाल्यांच्या प्रोग्रामात टेस्ट आयओचा लूप आठ अक्षरांसाठी अर्ध्या सेकंदाहून जास्त नुसता गरगरतो. शिकायला ठीक, खऱ्या कामाला पाप. ३२१५ ने गोळा सोडून सुयांची डॉट मॅट्रिक्स छपाई घेतली आणि वेग ८५ वर नेला, पण कमांड त्याच ठेवल्या. म्हणूनच जुन्या ऑपरेटिंग सिस्टीम न बदलता चालल्या.

बसटॅग
चॅनेलवरचं संभाषण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. काही मॉडेल्समध्ये १०५२ ला वेगळं कंट्रोल युनिट (चॅनेल आणि उपकरण यांच्यामधला नियंत्रक) असे, काहींमध्ये अडॅप्टर सीपीयूतच. प्रोग्रामला दोन्ही सारखेच दिसतात. बाहेरच्या कंट्रोल युनिटला दोन जाड केबल जातात, एक बसची आणि एक टॅगची. बसमध्ये जाणाऱ्या ९ आणि येणाऱ्या ९ रेषा: ८ बिट आणि एक विषम पॅरिटी. बसवर काय आहे ते टॅगच्या रेषा सांगतात.

सुरुवातीची निवड अशी होते:
चॅनेल बसवर ०९ ठेवतो, 'ॲड्रेस आउट' उचलतो (म्हणजे ती टॅग रेषा चालू करतो), मग 'सिलेक्ट आउट' उचलतो. सिलेक्ट आउट एकेका कंट्रोल युनिटमधून साखळीने पुढे जातो. ज्याचा पत्ता जुळतो तो त्याला अडवतो आणि 'ऑपरेशनल इन' उचलतो. चॅनेल ॲड्रेस आउट खाली करतो. युनिट आपला पत्ता उलट पाठवून 'ॲड्रेस इन' देतं. चॅनेल बसवर ०९ ही कमांड ठेवून 'कमांड आउट' देतो (इथे पत्ता आणि कमांड दोन्ही ०९, हा निव्वळ योगायोग). ॲड्रेस इन पडतं, कमांड आउट पडतं. युनिट 'स्टेटस इन' सोबत ०० पाठवतं, म्हणजे तयार आहे. चॅनेल 'सर्व्हिस आउट' देऊन ते स्वीकारतो.

प्रत्येक पायरीला समोरच्याच्या रेषेची वाट पाहिली जाते. घड्याळाचा ठोका नाही, म्हणून बॉड रेट नाही.

बाइट मल्टिप्लेक्सर चॅनेलवर यानंतर कंट्रोल युनिट रेषा सोडून देतं. गोळा पुढच्या अक्षराला तयार झाला की ते 'रिक्वेस्ट इन' उचलतं, चॅनेल त्याला पुन्हा जोडून घेतो, 'सर्व्हिस इन' ला एक बाइट देतो आणि पुन्हा सुटतो. त्या ६७ मिलिसेकंदांत तोच चॅनेल कार्ड रीडरला आणि लाइन प्रिंटरला पुरून उरतो.

बिघडतं काय?
केबलच्या शेवटी टर्मिनेटर नसला की परावर्तनामुळे अधूनमधून पॅरिटी चुकते. एकाच केबलला बसवला आणि दुसरीला विसरला, तर लक्षणं आणखी फसवी.
केबलची एकूण लांबी २०० फुटांच्या आत हवी. प्रत्येक कंट्रोल युनिटच्या आतला मार्गही लांबीतच धरायचा. एका चॅनेलवर जास्तीत जास्त ८ कंट्रोल युनिटं.
मधलं युनिट बंद असताना सिलेक्ट आउट पुढे जावा म्हणून त्यात रिले असतो. रिलेचे संपर्क खराब झाले की त्याच्या पलीकडची सगळी उपकरणं एकदम गायब होतात आणि स्टार्ट आयओला कोड ३ मिळतो. एकच उपकरण ३ देतंय की त्यापुढची सगळी, हे आधी पाहावं. निम्मा तपास तिथेच संपतो.

गंजलेली_केबल
वाखुसा (वाचनखूण साठवली). बसटॅगराव, कोड ३ चं लक्षण भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

नवशिका_३७०
आता दुसरा प्रश्न. कळ दाबली की अक्षर कुठे जातं?

सीसीडब्ल्यूवाले
कुठेच नाही. प्रोग्रामने वाचायला सांगितल्याशिवाय कीबोर्ड मोकळाच होत नाही. ऑपरेटरच्या हातात एकच कळ असते, रिक्वेस्ट. ती दाबली की:

१. कंट्रोल युनिट रिक्वेस्ट इन उचलतं आणि स्टेटस म्हणून ८० (अटेन्शन) पाठवतं.
२. चॅनेल इंटरप्ट उभा करतो. पीएसडब्ल्यूत चॅनेल ० चा मास्क (इंटरप्ट येऊ देणारा बिट, पहिल्या बाइटचा ८०) चालू असेल तर जुना पीएसडब्ल्यू ३८ ला साठतो, नवा ७८ वरून उचलला जातो. कोणतं उपकरण ते जुन्या पीएसडब्ल्यूच्या तिसऱ्या-चौथ्या बाइटमध्ये दिसतं: ०० ०९.
३. प्रोग्राम ०ए ची सीसीडब्ल्यू देतो. तेव्हा कुठे प्रोसीडचा दिवा लागतो आणि कीबोर्ड मोकळा होतो.
४. ऑपरेटर टाइप करतो, ओळ संपल्याची खूण देतो. ३२१५ वर त्याला एंड कळ आहे. १०५२ वर अल्टरनेट कोडिंग कळ धरून ५ दाबायचा.
५. ०सी येतो. टाइप किती झालं ते उरलेल्या लांबीवरून काढायचं. लांबी ५० (म्हणजे ८०) दिली आणि उरली ४डी (७७), तर तीन अक्षरं आली.

फ्लॅगमध्ये २० (लांबी चुकली तरी दुर्लक्ष कर) हमखास घाला. ऑपरेटर कधीच बरोबर ८० अक्षरं टाइप करणार नाही. तो फ्लॅग नसेल तर चॅनेल स्टेटसमध्ये ४० येतो आणि पुढे साखळीने जोडलेली सीसीडब्ल्यू चालतच नाही.

ऑपरेटर चुकला तर कॅन्सल (१०५२ वर अल्टरनेट कोडिंग आणि ०). त्याने ०१, युनिट एक्सेप्शन, येतो. प्रोग्रामने ती ओळ टाकून देऊन पुन्हा ०ए द्यावी. हा बिट न तपासणारा प्रोग्राम रद्द केलेली कमांडही चालवतो!

आणखी एक सापळा. मास्क बंद आहे, ऑपरेटरने रिक्वेस्ट दाबलीय, आणि त्याच क्षणी प्रोग्राम लिहायला स्टार्ट आयओ देतो. कोड १ येतो, स्टेटस ९०: बिझी आणि अटेन्शन. बिघाड काही नाही. पडून राहिलेलं अटेन्शन उपकरणाने या संधीला देऊन टाकलं. ते नोंदवून ठेवा (नाहीतर ऑपरेटर वाट पाहत बसेल) आणि तेच लिहिणं पुन्हा द्या. वरच्या प्रोग्रामात याची सोय नाही, तो थेट ०ईईई ला जाईल.

टेलिप्रिंटर
आयबीएमचं २७४१ टर्मिनल पण सिलेक्ट्रिकचंच ना? म्हणजे तेही असंच चालत असणार.

गोलमुद्रा
छपाईचं यंत्र त्याच कुळातलं, जोडणी पूर्ण वेगळी. २७४१ खरंच सीरियल आहे: १३४.५ बॉड, दर अक्षरामागे ९ बिट (स्टार्ट, ६ डेटा, पॅरिटी, स्टॉप), म्हणून सेकंदाला १४.९. ते टेलिफोनच्या तारेवरून २७०२ किंवा २७०३ या तारा सांभाळणाऱ्या युनिटला येतं आणि ते युनिट चॅनेलवर बसतं. वर अर्धद्विमार्गी, म्हणजे कुणाची पाळी आहे हे नियंत्रण अक्षरांनी ठरतं आणि पाळी नसेल तर कीबोर्ड बंद. १०५२ चे गुण २७४१ ला लावू नका. जुन्या लिखाणात हा घोळ फार आहे.

हिरवा_पडदा
१९७१ च्या ३२७० मालिकेवर (आयबीएमची पडद्याची टर्मिनलं) कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पडद्याचा कन्सोल आला तरी तत्त्व तेच राहिलं. टाइप केलेलं सगळं टर्मिनलच्याच बफरमध्ये साठतं (३२७७ मॉडेल २ वर २४ ओळी × ८० = १९२०). एंटर दाबल्यावर जातं ते फक्त अटेन्शन. मग मशीन ०६, रीड मॉडिफाइड, देतं.

लिहिण्याचं उदाहरण, कमांड ०५ (पुसून लिही), डेटा:
सी३, ११ सी१ ५०, १डी ६०, मजकूर, १डी ४०, १३

सी३ हा नियंत्रण बाइट: कीबोर्ड मोकळा कर आणि 'बदललं' खुणा पुस. ११ म्हणजे पुढच्या दोन बाइटच्या पत्त्यावर जा. सी१ ५० म्हणजे जागा ८०, दुसऱ्या ओळीचा पहिला स्तंभ. १डी ने क्षेत्र सुरू होतं, ६० संरक्षित, ४० टाइप करता येण्याजोगं. १३ तिथे कर्सर ठेवतो. एंटरनंतर परत येतं: ७डी, कर्सरचा पत्ता, मग प्रत्येक बदललेल्या क्षेत्रासाठी ११, पत्ता, मजकूर.

नेहमीचे घोळ:
नियंत्रण बाइटमध्ये ०२ चा बिट विसरला की कीबोर्ड कुलूपबंद राहतो. लोक रिसेट दाबून सोडवतात आणि मूळ चूक तशीच राहते.
०१ चा बिट विसरला की मागच्या फेरीतली क्षेत्रं दर एंटरला पुन्हा येतात.
क्लिअर आणि पीए कळा फक्त एक बाइट पाठवतात, कर्सरचा पत्ता नाही. तीन बाइट गृहीत धरणारा प्रोग्राम बफरमधला जुना कचरा वाचतो.
बाणाच्या कळीने सोडलेली जागा म्हणजे शून्य बाइट, आणि रीड मॉडिफाइड शून्यं गाळतं. पडद्यावर 'डी ए' सुटं दिसतं, मशीनला 'डीए' जोडून मिळतं. स्पेसबारच वापरा.

केबल ९३ ओमची आरजी-६२ए/यू, दोन्ही टोकांना बीएनसी, कंट्रोलरच्या एका पोर्टला एकच टर्मिनल. घरात पडलेली टीव्हीची ७५ ओमची किंवा इथरनेटची ५० ओमची केबल बीएनसीत बसते म्हणून लावू नका. छोट्या अंतरावर चालल्यासारखी वाटेल, लांबीवर दगा देईल. ३२७८ साठी मर्यादा १५०० मीटर, ३२७७ साठी त्याहून बरीच कमी.

वीस_मिलीअँप
नवशिका, तुम्ही शोधत होतात तो सीरियल कन्सोल डेक कंपनीच्या पीडीपी-१० वर सापडेल. टेलिटाइप, २० मिलीअँपचा करंट लूप. एएसआर-३३ या टेलिटाइपचं गणित: ११० बॉड, ११ बिट (१ स्टार्ट, ८ डेटा, २ स्टॉप), सेकंदाला १० अक्षरं. करंट वाहतोय म्हणजे १, तुटला म्हणजे ०. वायर निसटली तर मशीन गप्प बसत नाही, अखंड खडखडत राहतं. तो आवाज म्हणजेच 'लूप उघडा आहे'.

इथे प्रत्येक कळ तत्काळ मशीनला जाते आणि कागदावर दिसतो तो मशीनने परत पाठवलेला प्रतिध्वनी. अक्षर उमटलं नाही तर एकतर तार तुटलीय किंवा मशीन झोपलंय. आयबीएमवर असा पडताळा मिळत नाही.

आजच्या संगणकाला एएसआर-३३ जोडायचा असेल तर आधी तो २० वर आहे की ६० मिलीअँपवर ते तपासा, दोन्ही जोडण्या असतात. लूपसाठी २४ व्होल्ट आणि मालिकेत १.२ किलोओम. रोधावर अर्धा वॉट जातो, म्हणून १ वॉटचा घ्या. मध्ये ऑप्टोआयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग). आणि यूएसबी-सीरियल अडॅप्टर ११० बॉड देतो का ते विकत घेण्याआधी पाहा, बरेच देत नाहीत.

केएल१० मॉडेलवर कन्सोल मुख्य प्रोसेसरला लागतच नाही. तो लागतो पुढे बसवलेल्या पीडीपी-११/४० ला, आणि ते डीटीई२० या जोडणीमार्फत मोठ्या मशीनच्या मेमरीत वाचतं-लिहितं. मुख्य प्रोसेसर मेला तरी कन्सोल उत्तर देतो, हा त्याचा मोठा फायदा.

गंजलेली_केबल
यातलं आपल्याकडे काय होतं?

सीसीडब्ल्यूवाले
मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आलं आणि पुढे डेकसिस्टम-१०. आयआयटी मुंबईत सोव्हिएत ईसी-१०३० होतं. ते सिस्टीम/३६० च्या धर्तीवरचं, त्यामुळे वरची स्टार्ट आयओ, सीसीडब्ल्यू, सीएसडब्ल्यू ही सगळी व्यवस्था त्यालाही लागू.

अवांतर: सीडीसी ६६०० चा कन्सोल या सगळ्यांहून निराळा. दोन गोल पडदे आणि कीबोर्ड. दहा परिधीय प्रोसेसरांपैकी एक सतत पडदा रंगवत आणि कळा वाचत बसलेला. इंटरप्टची भानगडच नाही.

नवशिका_३७०
शेवटचं. आता एमव्हीएस ३.८ (आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टीम) चढवलंय. कधीकधी कन्सोलवर संदेश यायचे थांबतात, कमांडही घेत नाही, पण जॉब चालू दिसतात.

हिरवा_पडदा
पडद्याचा कन्सोल असेल तर आधी पडदा भरलाय का पाहा. जुने संदेश आपोआप पुसायची सोय बंद असली की नवे मेमरीत साचतात, आणि साचायची जागा संपली की संदेश देणारे जॉबही अडतात. 'के एस,डीईएल=आरडी' द्या (रोमनमध्ये), पडदा वर सरकू लागेल.

बसटॅग
कमांडच घेत नसेल तर टर्मिनलची जोडणी तुटलीय का ते बघा. तुटली असेल तर दुसऱ्या कन्सोलवर जायला खऱ्या मशीनच्या पॅनेलवरची इंटरप्ट कळ दाबत. ती आयओची नव्हे, एक्स्टर्नल इंटरप्ट देते (कोड ४०, नवा पीएसडब्ल्यू ५८ वरून). चॅनेल पूर्ण अडकला तरी ही वाट मोकळी राहते. हर्क्युलिसमध्ये त्यासाठी ईएक्सटी कमांड आहे. मात्र सिस्टीम तयार करताना पर्यायी कन्सोल नेमलेला असला पाहिजे, नाहीतर कळ दाबून काहीच होणार नाही.